एनोनच्या डोहाचे फाटक

लेमुएल थॅक्सटनवर आमच्या संप्रदायाच्या इतिहासकारांनी नऊ पाने खर्ची घातली आहेत आणि त्यांतले एकही वाक्य खोटे नाही. तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधी टेनेसीहून दोनशे गुरे हाकत टेक्सासच्या सरहद्दीवर आला, हे खरे. व्यासपीठाच्या खांबाला रायफल टेकवून त्याने प्रवचने केली, हेही खरे. चार वस्त्यांतल्या चार बाप्टिस्ट मंडळ्यांना त्याने महिन्याचा एकेक रविवार वाटून दिला होता, आणि त्यासाठी कोणाकडून मूठभर मकासुद्धा घेतला नाही. ज्याच्या घरी स्वतःची गुरे आहेत त्याने देवाच्या नावावर जेवू नये, असे त्याचे म्हणणे होते आणि वागणेही. इतिहासकारांना खोटे लिहावे लागत नाही. कुठे थांबायचे हे कळले की त्यांचे काम भागते. थॅक्सटनच्या बाबतीत ते १८८६ च्या उन्हाळ्यातल्या 'महान जागृती'पाशी थांबतात. त्या एका उन्हाळ्यात एनोनच्या मंडळीला मागल्या अकरा वर्षांत मिळाले नव्हते इतके आत्मे मिळाले. हेही खरेच आहे. फक्त त्या नऊ पानांत फाटकाचा उल्लेख नाही.

फाटक डोहाचे होते. एल्म ओढ्याच्या वळणावर चुनखडीच्या कड्याखाली झऱ्याचा डोह होता आणि त्याच्यामुळेच मंडळीला एनोन हे नाव मिळाले होते; पवित्र शास्त्रात त्या नावाची जागा मुबलक पाण्याची म्हणून सांगितली आहे. डोहाभोवतीची जमीन थॅक्सटनने सरकारकडून रीतसर विकत घेतली होती. आमच्याकडे गवत कोणाचेच नसे, पण ज्याचे पाणी त्याचे भोवतालचे सारे गवत, हे न लिहिलेले गणित सर्वांना पाठ होते. काटेरी तार आली तशी त्यानेही डोहाला तार घातली, आणि त्याच आठवड्यात मंडळीसमोर उभे राहून जाहीर केले, "जमीन माझी आहे, पण फाटक मंडळीचं. कोणाची गुरं आत घ्यायची ते मंडळी हात वर करून ठरवील. माझा हात त्यांतला एक."

हे औदार्य नव्हते. हा धर्म होता. आमच्या पूर्वजांनी पोप नाकारला, बिशप नाकारला, राजाने नेमलेला पाळक नाकारला, आणि ख्रिस्ताची इच्छा जमलेल्या मंडळीच्या बहुमतातून प्रकट होते असे ठरवले. खरा बाप्तिस्मा कोणाचा, यासारख्या ज्या प्रश्नांवरून चौथ्या शतकातल्या आफ्रिकी बिशपांनी एकमेकांची डोकी फोडली, ते प्रश्न आम्ही हात मोजून सोडवतो. थॅक्सटनचा या रीतीवर इतका विश्वास होता की आपली मालमत्ताही तिच्या हवाली करताना त्याला क्षणभर विचार करावा लागला नाही.

मंडळीने एकमताने ठरवले की मंडळीतल्या भावाबहिणींची गुरे आत यावीत. भावाला पाणी कसे नाकारणार?

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. ओढा आटला, पुढच्या वस्तीची तळी आटली, आणि लोकांना पापाची जाणीव होऊ लागली. आमच्यात मंडळीत येणाऱ्याला सर्वांसमोर साक्ष द्यावी लागते: देवाने आपल्याला कसे गाठले, केव्हा, कुठे. ती ऐकून मंडळी मत देते, एकाचाही विरोध चालत नाही, आणि मग डोहात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा होतो. त्या उन्हाळ्यात साक्षी इतक्या झाल्या की शनिवारच्या बैठकीत मेणबत्त्या लावाव्या लागत. थॅक्सटनच्या डोळ्यांत पाणी येई. अवर्षण हा देवाचा नांगर आहे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. तो कावेबाज असता तर ही गोष्ट फार सोपी झाली असती.

थर्झा क्राउडर मेथडिस्ट होती. नवरा युद्धातली जखम वागवत उशिरा मेला, मुलगी ड्रुसी चौथ्या वर्षी तापाने गेली, आणि राहिली ती चाळीसेक गायी आणि दोन खोल्यांचे लाकडी घर. मेथडिस्ट लेकरांना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. त्यांचा फिरता पाळक घोड्यावरून उतरला होता आणि त्याने स्वयंपाकघरातल्या निळ्या वाडग्यातून ड्रुसीच्या कपाळावर पाणी शिंपडले होते. मुलीला घरामागे पुरले होते.

थर्झा थॅक्सटनच्या ओसरीवर आली तेव्हा तो बूट काढत होता. त्याची बायको पर्मिलिया कॉफी ओतत होती.

"घराला पाणी मी पिंपाने पाठवतो, मिसेस क्राउडर," तो म्हणाला. "रोज पाठवतो. माणसाच्या पाण्याला अट नाही." मंडळीतल्या बाईला तो सिस्टर म्हणे, हिला कधीच म्हटले नव्हते. त्याला मात्र सारेच एल्डर म्हणत, म्हणजे मंडळीचा वडील.

"गुरं मेल्यावर मी घरात बसून पाणी पीत राहू का, एल्डर?"

"फाटक माझं नाही."

"जमीन तुमची आहे."

"जमीन माझी. फाटकाचा शब्द मी मंडळीला दिलाय."

"मग मलाही ख्रिस्ती समजा की. तुमच्याइतकीच आहे."

"माझ्याहून चांगल्या असाल. ते मी कधी नाकारलं? पण तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही. कपाळावर पाणी शिंपडलं की कपाळ ओलं होतं. दुसरं काही होत नाही."

"माझ्या ड्रुसीचंही तेच?"

थॅक्सटनने बूट खाली ठेवला. "लेकरू देवाजवळ आहे. मला त्यात शंका नाही, तुम्हीही ठेवू नका. पण ते त्या पाण्यानं नाही गेलं तिथं. ते पाणी काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं."

"काहीच नाही," तो म्हणाला. बुजलेल्या शिंगराशी बोलावे तशा हलक्या आवाजात म्हणाला.

"लेमुएल," पर्मिलिया म्हणाली, "कॉफी निवतेय तुमची. आणि जरा गप्प बसा."

दुसऱ्या संप्रदायातून येणाऱ्याला आमच्याकडे एक प्रश्न विचारतात: तुमच्यावर आणि तुमच्या घरच्यांवर पूर्वी जे केले गेले तो बाप्तिस्मा नव्हता, असे मानता काय? मानतो म्हणावे लागते. एका वाक्याचे काम. वस्तीतला एनॉस प्रुइट मूळचा कोणत्याच संप्रदायात नव्हता, म्हणून त्याला तेवढेही म्हणावे लागले नव्हते. जूनमध्ये तो पाण्यातून वर आला आणि त्याच संध्याकाळी त्याच्या दीडशे गायी डोहात उतरल्या. जुलैपासून तो तारेशी उभा राहून इतरांना साक्ष शिकवू लागला. यात द्वेष नव्हता, शेजारधर्म होता.

"साक्षीत झाड पाहिजे," तो थर्झाला म्हणाला. तारेपलीकडे तिच्या गायी माना लांब करून उभ्या होत्या. "झाडाशिवाय म्हाताऱ्याला चैन पडत नाही. मी ओक सांगितला. माझ्या मेहुण्यानंही ओकच सांगितला, तर म्हातारा विचारतो, तोच का? मेहुणा म्हणाला, नाही, ओढ्यापलीकडचा. तू आपली पेकन घे. पेकन अजून कोणी घेतलेली नाही."

"आणि पेकनखाली काय झालं म्हणून सांगू?"

"काय व्हायचंय? छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं, मग दगड उठला. दगड विसरू नकोस बरं का. रडू आलं तर उत्तमच. नाही आलं तर टोपी पुढं ओढ."

"तुला खरंच काही वाटलं होतं का रे, एनॉस?"

"वाटलं ना," प्रुइट म्हणाला. "तहान."

शनिवारी दुपारी बैठक भरली. पुरुष एका बाजूच्या बाकांवर, बायका दुसऱ्या. प्रार्थनाघरापासून डोह हाकेच्या अंतरावर होता आणि तिच्या गायींचे हंबरणे आत ऐकू येत होते. हंबरणे म्हणतो खरे. तहानलेल्या गायीचा घसा सुकला की तो आवाज हंबरण्याचा राहत नाही.

थर्झा उभी राहिली. तिने पेकन सांगितली. दगड सांगितला. बाजाराचा निरोप सांगावा तशा सपाट आवाजात सांगितले, तरी थॅक्सटनने मान खाली घालून डोळे पुसले. प्रुइटने समाधानाने बाकाला पाठ टेकली.

"तुमच्यावर पूर्वी जे केलं गेलं," थॅक्सटनने विचारले, "तो बाप्तिस्मा नव्हता, असं मानता?"

"मानते."

"आणि तुमच्या घरच्यांवर केलं गेलं ते?"

बाहेरच्या हंबरण्याकडे तिची मान वळली.

"मिसेस क्राउडर?"

"माझ्यापुरतं म्हणाल ते म्हणते, एल्डर. पाहिजे तेवढं बुडवा. तेवढं एक सोडा."

"ते सोडता येत नाही."

"चार वर्षांची होती. तिलाच विचारा ना मग."

"प्रश्न मी केलेला नाही. तो सर्वांनाच आहे."

"मग पेकनही परत घ्या," थर्झा म्हणाली. "पेकन एनॉस प्रुइटनं दिली मला. दगडही त्याचाच. मी बारा वर्षांची असताना आईच्या मांडीवर डोकं ठेवून देवाला हो म्हटलं, ते अजून तसंच आहे, त्यात झाड नाही. मी इथं आले ती फाटकासाठी. इथल्या निम्म्या बाकांना मी काय बोलतेय ते चांगलं ठाऊक आहे."

निम्म्या बाकांनी पायांखालच्या फळ्या न्याहाळल्या.

थॅक्सटनचा चेहरा मळलेल्या पिठासारखा झाला. "ब्रदर प्रुइट," तो म्हणाला, "ओक होता की नव्हता?"

"होता म्हणजे काय, अजून आहे! चला दाखवतो. आणि ही बाई साऱ्या मंडळीच्या साक्षीवर चिखल उडवतेय. माझा विरोध आहे हिला."

"झाड असण्याबद्दल कोणाला शंका नाही, एनॉस," म्हातारा डीकन बर्डवेल म्हणाला. तो मंडळीचा कारभार बघणारा, पहिल्या वर्षापासूनचा. मागे कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

एक विरोध पुरेसा होता. थर्झा मंडळीत येऊ शकली नाही. आणि इथे थॅक्सटनने त्या उन्हाळ्यातले एकमेव असे कृत्य केले ज्याचे श्रेय मी त्याला विनाअट देतो. तो अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठला, खुर्ची बर्डवेलला दिली, खाली पुरुषांच्या बाकाशी येऊन उभा राहिला आणि साधा सभासद म्हणून ठराव मांडला: मिसेस क्राउडर मंडळीत नसल्या तरी पाऊस येईपर्यंत त्यांच्या गुरांना दया म्हणून पाणी द्यावे.

"दया आपापल्या घरून करावी, एल्डर," प्रुइट म्हणाला. "हे पाणी सगळ्यांचं. डोह मांडीपर्यंत आलाय. उद्याच्या बाप्तिस्म्याला माणसाला खाली बसवावं लागणार आहे. आज हिला दिलं, उद्या तो जर्मन येईल, परवा कॅथलिक. आम्ही आमची गुरं काय बघत बसायची?"

"आमची साक्ष खोटी, आणि पाणी हिला?" त्याचा मेहुणा म्हणाला.

"खोटी कोण म्हणालं?" बर्डवेल म्हणाला. "तूच म्हणालास."

हात वर झाले. ठरावाच्या बाजूने थॅक्सटनचा, बर्डवेलचा, पर्मिलियाचा, आणि सरहद्द अजून सरहद्द होती तेव्हापासूनच्या दोन म्हाताऱ्यांचा. विरोधात बाकी सारे. ते हात थॅक्सटनने मोजले नाहीत, मोजण्याची गरज नव्हती. त्याने स्वतः धरून पाण्यातून वर काढलेले एकूण एक हात तिथे होते.

"ठराव नामंजूर," बर्डवेल म्हणाला.

थर्झा पुरुषांच्या बाजूला चालत गेली. हे आमच्याकडे कोणी करत नाही. "जमीन तुमची, तार तुमची, खांब तुम्ही पुरलेत. उठा आणि उघडा, एल्डर. तुम्हाला कोण अडवणार आहे?"

"मंडळीनं ठरवलंय."

"ही मंडळी तुम्हीच जमवलीत. पाण्यावर जमवलीत."

"मंडळी ख्रिस्ताची आहे," थॅक्सटन म्हणाला.

हे त्याने ढोंगाने म्हटले नाही. मंडळीचा शब्द सोयीचा असेल तेव्हाच देवाचा, असे म्हणण्याइतका तो हलका नव्हता. पोपला हाकलून आम्ही त्याच्या जागी वर झालेले हात बसवले, आणि पोप निदान गायी तरी पाळत नसे.

रविवारी पहाटे थॅक्सटन, बर्डवेल आणि थर्झा तिघांनी तिची गुरे ब्राझोसकडे हाकायला घेतली. नदी दोन दिवसांच्या वाटेवर होती. उपयोग नाही हे तिघांनाही माहीत होते. तहान हाडात शिरली की गुराची नजर जाते. मग त्याला चाबूक कळत नाही, घोडा कळत नाही, फक्त पाण्याचा शेवटचा वास आला होता ती दिशा कळते. गायी पुन्हा पुन्हा वळल्या. घोड्यांच्या पोटाखालून वळल्या. डोहाशी येऊन त्यांनी तारेवर छात्या रेटल्या. तार चांगली ताणलेली होती. थॅक्सटनने कोणतेही काम कधी ढिले केले नव्हते.

प्रुइट बंदूक घेऊन आला. "खांब उपटतील की हो ह्या. मी बघू का?"

"तू नाही," थर्झा म्हणाली. मग थॅक्सटनकडे न बघता म्हणाली, "तुम्ही करा. तुमचा नेम चांगला आहे."

त्याचा नेम चांगला होता. एकाही गायीला दुसरी गोळी लागली नाही. पंधरा पावलांवर पाणी चमकत होते आणि पलीकडे प्रुइटच्या गायी त्यात गुडघाभर उभ्या राहून रवंथ करत होत्या. बर्डवेल काडतुसे देत होता. थर्झा शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली, नावे घेत. गायींना नावे असतात. सगळे संपल्यावर थॅक्सटनने डोहात हात धुतले. हे मी रूपक म्हणून सांगत नाही; हातांना बंदुकीच्या दारूचा वास येत होता आणि अकरा वाजता उपासना होती. त्याने प्रवचन केले. मग प्रुइटच्या पुतण्याला डोहात बसवून बाप्तिस्मा दिला.

सप्टेंबरात पाऊस आला. ओढा वाहू लागला, तळी भरली, आणि पुढच्या शनिवारी बैठकीला पाच माणसे होती. प्रुइटने निरोप पाठवला की पाठ धरली आहे.

ऑक्टोबरात थॅक्सटनने आपल्या कळपातल्या बारा उत्तम कालवडी वेगळ्या काढल्या. प्रत्येकीच्या अंगावरच्या आपल्या मालकीच्या डागावर आडवी रेघ डागून त्याने तो रद्द केला. गुरे विकताना किंवा देताना तसेच करतात, म्हणजे पुढे कोणी हक्क सांगत नाही. नव्या मालकाने मग आपला डाग द्यायचा. तो एकटाच त्या हाकत थर्झाच्या अंगणात आला. ती शेंगा सोलत बसली होती.

"या तुमच्या," तो म्हणाला.

ती उठली. एकेकीच्या बाजूने फिरली, रद्द केलेला डाग अंगठ्याने चाचपून पाहिला, एकीचे तोंड उघडून दात पाहिले.

"चांगल्या आहेत."

"चांगल्याच आणल्यात."

"आणि किंमत?"

"किंमत नाही, सिस्टर क्राउडर."

"मी सिस्टर नाही झाले. तुमच्या मंडळीनं घेतलं नाही मला." ती परत बसली नाही. "फुकट मी घेत नाही, एल्डर. किंमत मी सांगते. घरामागं चला. तिथं उभं राहून एवढंच म्हणा, ड्रुसीचा बाप्तिस्मा झाला होता. मला नका सांगू, तिला सांगा. इथं मंडळी नाही, हात वर करायला कोणी नाही. म्हणा आणि कालवडी ठेवून जा."

थॅक्सटनने टोपी काढली. तो घरामागे गेला, थर्झा मागोमाग. लहान कबरीवर तिने ओढ्यातले पांढरे गोटे मांडले होते. तो तिथे उभा राहिला. त्याचे ओठ हलताना थर्झाने पाहिले, आणि प्रार्थनेसाठी हलणारे ओठ कसे असतात हे तिला माहीत होते, म्हणून तिने धीर धरला.

"मला ते म्हणता येत नाही," तो शेवटी म्हणाला.

"नुसते शब्द आहेत."

"म्हणूनच."

"माझ्याकडूनही तेवढेच शब्द मागितले होते तुम्ही."

"तुम्हीही म्हणाला नाहीत."

"नाही म्हटले, आणि माझी चाळीस गुरं गेली. तुमचं काय जातंय?"

तारेशी उभ्या असलेल्या चाळीस गायी एकेका गोळीत मारताना ज्याचा हात हलला नाही, त्याला एका मेलेल्या लेकराजवळ, कोणी ऐकत नसताना, एक वाक्य बोलवेना. याला आमच्यात निष्ठा म्हणतात, आणि ती निष्ठाच होती. मला तिच्याविरुद्ध एवढेच म्हणायचे आहे.

थर्झाने ॲप्रनचे टोक झटकून कालवडी अंगणाबाहेर वळवल्या. "न्या," ती म्हणाली. "दिवस मावळायच्या आत पोचाल."

त्या रात्री कालवडी त्याच्या आवारात होत्या आणि कोणाच्याच नव्हत्या. डाग रद्द, नवा मालक नाही. मोकळ्या रानात असले जनावर ज्याच्या दोरीत सापडेल त्याचे. सकाळी त्याने बर्डवेलला बोलावून जाळ करायला सांगितला.

"पुन्हा तुझाच डाग द्यायचा?" बर्डवेलने विचारले. "आधी दिलेला, मग खोडलेला, आणि वर परत तोच? लेम, बाजारात असलं जनावर बघितलं तर लोक चोरीचं म्हणतील."

"म्हणू देत," थॅक्सटन म्हणाला. "पहिली आडवी पाड."

बर्डवेलने पहिल्या कालवडीच्या पायांत दोरी टाकली.